बसने ब्रेक मारला की आपण पुढे का जातो? उत्तर शोधणाऱ्या गॅलिलिओची गोष्ट

भरलेल्या बसमध्ये दांडीला लटकून उभे राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. चालकाने करकचून ब्रेक मारला की उभी असलेली सगळी रांग एकदम पुढे जाते. बस सुटताना तीच रांग मागे रेलते आणि वळणावर बाहेरच्या बाजूला झुकते. कुणी कुणाला ढकललेले नसते, तरी मागचा पुढच्याची माफी मागतो.

खरे तर ब्रेक लागतो तेव्हा आपल्याला पुढे ढकलणारे काहीच नसते. बस थांबत असते, आपण थांबत नसतो, एवढाच फरक. शरीर जो वेग घेऊन चालले होते तोच घेऊन पुढे जाऊ पाहते. या स्वभावाला शाळेत आपण ‘जडत्व’ म्हणायला शिकलो. आणि वेग किती झपाट्याने बदलतो, त्याला ‘त्वरण’.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे दोन्ही शब्द येतात, गतीची तीन समीकरणेही येतात. मी इंजिनीअरिंगची चार वर्षे ती समीकरणे वापरली, त्यावर गुणही मिळवले. पण त्यातला वेळेचा वर्ग आला कुठून, हे विचारायचे कधी सुचले नाही. तो आला तिरक्या ठेवलेल्या एका लाकडी फळीवरून. फळी ठेवणारा माणूस होता गॅलिलिओ गॅलिली. आपल्याला तो दुर्बिणीसाठी आणि चर्चने चालवलेल्या खटल्यासाठी माहीत असतो. ती फळी त्या खटल्याच्याही मुळाशी होती, हे सहसा सांगितले जात नाही.

दोन हजार वर्षे टिकलेली समजूत

गॅलिलिओच्या काळात युरोपातल्या विद्यापीठांत गती शिकवली जायची ती ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवरून. त्यात दोन गोष्टी पक्क्या होत्या. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने खाली पडते, जितकी जड तितकी वेगाने. आणि दुसरी म्हणजे, कुठलीही वस्तू आडवी हलत राहायची तर तिला कुणीतरी सतत ढकलत राहावे लागते. ढकलणे थांबले की गती संपली.

आज हे वाचून हसू येते, पण हसण्याआधी जरा थांबू. हातगाडी ढकलणे सोडले की ती थांबतेच ना? सायकलचे पॅडल मारणे बंद केले की सायकल थोड्या वेळाने थांबतेच. दगड पिसाच्या आधी जमिनीवर येतोच. म्हणजे ही समजूत डोळ्यांना दिसणाऱ्या अनुभवाशी जुळणारी होती, म्हणून तर इतकी टिकली. घर्षण आणि हवेचा अडथळा हे दोघे सगळीकडे हजर असतात आणि दिसत मात्र नाहीत. त्यांना बाजूला काढून पाहायचे, तर नुसते डोळे पुरत नाहीत. त्यासाठी प्रयोग लागतो आणि मोजमाप लागते.

वडिलांच्या तारा

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतल्या पिसा शहरात झाला. वडील विंचेन्झो ल्यूट हे तंतुवाद्य वाजवत आणि संगीतशास्त्रावर लिहीत. घरात नाव होते, पैसा नव्हता.

या वडिलांची एक गोष्ट मुलाच्या चरित्रात फार महत्त्वाची आहे. तार अर्ध्या लांबीवर दाबली की स्वर एक सप्तक वर जातो, हे जुने ज्ञान. त्यावरून पंडितांनी मानले होते की तारेला दुप्पट वजन टांगले तरी स्वर सप्तकभर वर जाईल. विंचेन्झोने वजने टांगून पाहिली. दुप्पट नव्हे, चौपट वजन लागते असे निघाले. पुस्तकात २, प्रत्यक्षात ४. दोनाचा वर्ग. मुलाने ही वजने टांगताना पाहिली असतील का, याचा लेखी पुरावा नाही. पण मोजून बघायची सवय त्या घरात होती, एवढे नक्की.

मुलाने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. १५८१ मध्ये त्याचे नाव पिसा विद्यापीठात वैद्यकशास्त्राला घातले गेले. तिथे त्याचे मन रमले नाही. ओस्तिलियो रिच्ची नावाच्या गणितज्ञाकडून त्याला युक्लिड आणि आर्किमिडीजची गोडी लागली आणि १५८५ मध्ये तो पदवी न घेताच बाहेर पडला. चार वर्षांनी त्याच विद्यापीठात तो गणिताचा अध्यापक म्हणून परतला. पगार वर्षाला ६० स्कुदी, म्हणजे वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापकांच्या तुलनेत अगदीच तुटपुंजा. वाचकांत कुणी इंजिनीअरिंग सोडून भलत्याच वाटेला गेले असेल, तर त्याच्या आईवडिलांना दाखवायला हा परिच्छेद उपयोगी पडावा.

मनोऱ्यावरून गोळे खरेच टाकले होते का?

पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावर चढून गॅलिलिओने सगळ्या विद्यापीठासमोर एक जड आणि एक हलका गोळा टाकला, दोन्ही बरोबर खाली आले, अशी गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती येते त्याचा तरुण शिष्य विंचेन्झो विव्हियानी याने लिहिलेल्या चरित्रातून. हे चरित्र गॅलिलिओच्या मृत्यूनंतर लिहिले गेले आणि छापले गेले १७१७ मध्ये. गॅलिलिओच्या स्वतःच्या लिखाणात अशा जाहीर कार्यक्रमाचा उल्लेख नाही. त्यामुळे बहुतेक इतिहासकार ही गोष्ट जपूनच घेतात.

असा प्रयोग झाल्याची पक्की नोंद आहे ती नेदरलँड्समधली. सायमन स्टेविन याने १५८६ मध्ये शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट जड, सुमारे ३० फुटांवरून टाकले. खाली फळीवर आपटल्याचा आवाज एकच आला. पुढे २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. तिथे हवा नाही. दोन्ही बरोबर खाली आले.

पण खरे सांगायचे तर मनोऱ्याची गोष्ट खरी असली तरी तिच्यातून फार थोडे कळते. दोन गोळे बरोबर पडतात, इतकेच. ते कसे पडतात, कुठल्या क्षणी किती वेगात असतात, हे कळत नाही. पिसाचा मनोरा सुमारे ५६ मीटर उंच आहे. इतक्या उंचीवरून गोळा खाली यायला साधारण ३.४ सेकंद लागतात. सेकंद अचूक मोजणारे घड्याळ त्याच्याकडे नव्हते. तीन सेकंदांत संपणारी घटना मोजायची कशाने?

पडणे हळू करणारी फळी

१५९१ मध्ये वडील गेले. थोरला मुलगा म्हणून बहिणींच्या हुंड्याचा आणि धाकट्या भावाचा भार गॅलिलिओवर आला. पुढच्या वर्षी त्याला व्हेनिसच्या राज्यातल्या पादुआ विद्यापीठात जास्त पगाराची जागा मिळाली आणि तिथे तो १८ वर्षे राहिला. पगार पुरत नव्हताच. त्याने घरात विद्यार्थी ठेवले, खासगी शिकवण्या घेतल्या, हिशेबासाठी एक धातूचा कंपास तयार करून विकला. मरिना गाम्बा हिच्यापासून त्याला तीन मुले झाली. दोघांनी लग्न केले नाही.

याच धावपळीच्या वर्षांत त्याने पडण्याचा प्रश्न सोडवला. युक्ती अशी: वस्तू सरळ खाली पडली तर फार वेगाने पडते. मग तिला तिरक्या फळीवरून घरंगळू द्या. पडणे तेच, फक्त सावकाश.

त्याने वर्णन केलेली फळी १२ ब्राच्चा म्हणजे सुमारे ७ मीटर लांब होती. तिच्या कडेवर बोटभर रुंदीची सरळ खाच कोरलेली, खाच घासून गुळगुळीत केलेली आणि आत चर्मपत्र चिकटवलेले, घर्षण कमी व्हावे म्हणून. त्या खाचेतून ब्राँझची कठीण, चांगली घासलेली गोळी सोडायची.

आणि घड्याळ? पाण्याचे. वर मोठे पातेले, त्याच्या तळाला बारीक नळी. गोळी सुटली की नळी उघडायची, गोळी पोहोचली की बंद करायची. तेवढ्या वेळात खालच्या पेल्यात जमलेले पाणी नाजूक तराजूवर तोलायचे. पाण्याचे वजन म्हणजेच वेळ. त्याने हे शंभर वेळा केल्याचे लिहिले आहे आणि फरक नाडीच्या एका ठोक्याच्या दहाव्या भागाइतकाही येत नसे, असा दावा केला आहे. पुढे कित्येक जणांना ही बढाई वाटली. १९६१ मध्ये थॉमस सेटल या संशोधकाने तशीच फळी आणि तसेच पाण्याचे घड्याळ करून पाहिले. इतकी अचूकता खरोखर येते, असे निघाले.

यातून जे हाती आले ते असे. समजा पहिल्या ठरावीक वेळात गोळी १ वीत सरकली. तर तेवढ्याच दुसऱ्या वेळात ती ३ वीत जाते, तिसऱ्यात ५, चौथ्यात ७. विषम संख्या ओळीने. आता बेरीज करत चला: १, मग ४, मग ९, मग १६. दुप्पट वेळ म्हणजे चौपट अंतर, तिप्पट वेळ म्हणजे नऊपट. माझ्या समीकरणातला वेळेचा वर्ग हा असा आला. फळीचा उतार वाढवला तरी हे प्रमाण बदलत नाही, फक्त सगळे लवकर घडते. उतार वाढवत वाढवत फळी उभी केली की उरते ते सरळ पडणे.

अंतर वर्गाने वाढते याचा अर्थ वेग प्रत्येक सेकंदाला सारख्याच मापाने वाढतो. पृथ्वीवर ते माप सेकंदाला सुमारे ९.८ मीटर. हेच त्वरण.

हे घरी पाहता येते आणि त्यासाठी पाण्याचे घड्याळ नको, खिशातला फोन पुरे. भिंतीवर जमिनीपासून १२० सेंटीमीटरवर एक खूण करा आणि ९० सेंटीमीटरवर दुसरी. वरच्या खुणेपासून चेंडू सोडा आणि स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. सेकंदाला २४० चित्रे घेणारा कॅमेरा असेल, तर पहिल्या ३० सेंटीमीटरला सुमारे ६० चित्रे लागतात आणि उरलेल्या ९० सेंटीमीटरलाही तेवढीच. वेळ तोच, अंतर तिप्पट. १ आणि ३.

हुशार माणसाची चूक

शाळेच्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. १६०४ मध्ये गॅलिलिओने व्हेनिसमधील मित्र पाओलो सार्पी याला पत्र लिहून आपला नियम कळवला. नियम बरोबर होता, पण त्यामागे दिलेले कारण चुकीचे. पडणाऱ्या वस्तूचा वेग ती किती अंतर पडली त्या प्रमाणात वाढतो, असे त्याने लिहिले होते. खरे तर वेग वाढतो तो वेळेच्या प्रमाणात.

वरवर पाहता दोन्ही सारखेच वाटते. पण विचार करा. वेग जर पडलेल्या अंतरावर ठरत असेल, तर सुरुवातीला अंतर शून्य, म्हणजे वेग शून्य. वेग शून्य म्हणजे अंतर पुढे सरकणारच नाही. हातातून सुटलेला चेंडू हवेत तसाच लटकून राहील. ही गफलत दुरुस्त करायला गॅलिलिओला काही वर्षे लागली. ज्या गोष्टीत त्याला इतकी वर्षे लागली ती आपण एका तासिकेत उतरवून घेतो आणि मग मुलांना भौतिकशास्त्र जमत नाही म्हणतो.

गोळी टेबलावरून पुढे गेली की

फळीने जडत्वही दाखवले. उतारावर गोळीचा वेग वाढतो. चढावर तो कमी होतो. मग जिथे उतारही नाही आणि चढही नाही, अशा सपाट गुळगुळीत पृष्ठभागावर काय व्हावे? वाढायला कारण नाही, कमी व्हायलाही नाही. अडथळा नसेल तर गोळी आहे त्याच वेगाने चालत राहावी. हालत राहण्यासाठी ढकलणारा लागत नाही. ढकलणारा लागतो तो वेग बदलण्यासाठी.

साधारण १६०८ च्या सुमारास त्याने उतारावरून आलेली गोळी टेबलाच्या कडेवरून खाली पडू दिली आणि ती जमिनीवर किती लांब पडते ते मोजले. हे आकडे त्याच्या हस्तलिखितांत पडून होते. १९७० च्या दशकात स्टिलमन ड्रेक या अभ्यासकाने त्यांचा अर्थ लावून ते पुढे आणले. टेबलावरून सुटलेली गोळी दोन कामे एकाच वेळी करते. आडवी ती सारख्या वेगाने जात राहते, कारण जडत्व. खाली ती वाढत्या वेगाने पडते, कारण त्वरण. दोन्ही एकत्र आले की हवेत जी वाट उमटते ती अन्वस्त, इंग्रजी माध्यमवाल्यांचा पॅराबोला. क्रिकेटमधला उंच झेल, नळीतून उडणारे पाणी, गच्चीवरून फेकलेली किल्ली, सगळ्यांची वाट साधारण हीच.

सीट बेल्टशी याचा काय संबंध?

वेग सांगायची गॅलिलिओची एक पद्धत होती. अमुक वेग म्हणजे अमुक उंचीवरून पडल्यावर येणारा वेग. ही पद्धत आज रस्त्यावर लावून पाहावी.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकाएकी कशावर तरी आदळली, तर मागे पट्टा न लावता बसलेला माणूस ताशी ५० च्याच वेगाने पुढच्या सीटवर जातो. हा वेग सुमारे १० मीटर उंचीवरून पडल्यावर येणाऱ्या वेगाइतका. म्हणजे साधारण तीन मजले. वेग दुप्पट, ताशी १०० केला, तर उंची दुप्पट होत नाही, चौपट होते: जवळपास ४० मीटर, तेरा मजले. शहरातल्या शहरात जायचे म्हणून पट्टा न लावणाऱ्याने तिसऱ्या मजल्याच्या कठड्याकडे एकदा बघावे.

ब्रेकचेही तेच. एखादी गाडी ताशी ४० वरून थांबायला १० मीटर घेत असेल, तर ताशी ८० वरून तिला २० नव्हे, ४० मीटर लागतात. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही. गॅलिलिओची फळी उलटी फिरवली की हा हिशेब निघतो.

आणि तुम्ही ज्या फोनवर हे वाचत आहात, त्यातही तीच फळी आहे म्हणा ना. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, ती ॲक्सेलरोमीटर नावाच्या चिपमुळे. त्या चिपमध्ये सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर धरलेला असतो. फोन हलला की तो तुकडा जडत्वामुळे किंचित मागे राहतो, बसमधल्या उभ्या प्रवाशासारखा. तो किती मागे राहिला यावरून त्वरण मोजले जाते. तुमची पावले मोजली जातात तीही अशीच.

जहाजातली फुलपाखरे

१६०९ मध्ये गॅलिलिओने दुर्बीण तयार केली, जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले आणि तो युरोपभर प्रसिद्ध झाला. हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून पुढे जाऊ. त्याच वर्षी तो फ्लोरेन्सला ग्रँड ड्यूकच्या पदरी गेला आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते या कोपर्निकसच्या मताची उघड बाजू घेऊ लागला. १६१६ मध्ये चर्चने ते मत मांडण्यास मनाई केली.

विरोध केवळ धर्मग्रंथातून नव्हता. एक आक्षेप चांगला बिनतोड होता. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असेल, तर विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पळत असली पाहिजे. मग मनोऱ्यावरून सोडलेला दगड पायथ्याशी कसा पडतो? तो खाली येईपर्यंत मनोरा कितीतरी पुढे निघून जायला हवा. पक्षी, ढग, सगळे मागे पडायला हवेत. ढकलल्याशिवाय गती नाही हे मान्य केले, तर या आक्षेपाला उत्तर नाही.

उत्तर फळीपाशी होते. दगड मनोऱ्याच्या माथ्यावर असतानाच पृथ्वीबरोबर पुढे चालला आहे. हात सोडल्याने तो वेग नाहीसा होत नाही. १६३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डायलॉग’ या ग्रंथात गॅलिलिओने हे समजावण्यासाठी वाचकाला जहाजाच्या बंद खोलीत नेले. खोलीत फुलपाखरे उडत आहेत, भांड्यात मासे पोहत आहेत, वर टांगलेल्या बाटलीतून थेंब खालच्या भांड्यात पडत आहेत. जहाज उभे असो की शांत पाण्यावर एकसारख्या वेगाने चाललेले असो, आत काहीही बदलत नाही. थेंब भांड्यातच पडतात. खिडकी नसेल तर जहाज चालले आहे की नाही, हे सांगता येणार नाही. विमान ताशी ८०० किलोमीटरने जात असताना चहा कपातच पडतो, तो याच कारणाने. आणि बस एकसारख्या वेगाने चालली असताना आपल्याला वेग जाणवत नाही. जाणवतो तो वेगातला बदल.

१६४० मध्ये पिएर गासेंदी याने मार्सेयच्या बंदरात चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड टाकून पाहिले. ते काठीच्या बुंध्याशीच पडले. तोवर खटल्याला सात वर्षे होऊन गेली होती.

खटला आणि मुलीची पत्रे

‘डायलॉग’ गॅलिलिओने लॅटिनमध्ये नव्हे, लोकांच्या इटालियनमध्ये लिहिला. तो बाजारात येताच रोममध्ये खळबळ उडाली. १६३३ मध्ये त्याला बोलावून घेण्यात आले. २२ जून १६३३ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्याला गुडघे टेकून आपले मत मागे घ्यावे लागले. दहा न्यायाधीशांपैकी सात जणांच्याच सह्या निकालावर आहेत. उठताना पृथ्वी तरीही फिरतेच असे तो पुटपुटला, ही गोष्ट मात्र छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसते १७५७ मध्ये. धर्मन्यायालयासमोर असे पुटपुटणे जिवावर बेतले असते.

शिक्षा कैदेची होती, ती नजरकैदेत बदलली. शिवाय तीन वर्षे दर आठवड्याला प्रायश्चित्ताची सात स्तोत्रे म्हणायची. त्याची थोरली मुलगी फ्लोरेन्सजवळ आर्चेत्री येथील मठात जोगीण होती, सिस्टर मारिया चेलेस्ते. बापाच्या वाट्याची स्तोत्रे तिने आपल्याकडे घेतली. आईवडिलांचे लग्न झालेले नसल्याने तिच्या लग्नाची शक्यता कमी, म्हणून गॅलिलिओनेच तिला आणि तिच्या बहिणीला लहान वयात मठात घातले होते. त्याच्या आयुष्यातला हा निर्णय मला वाचताना सगळ्यात जड गेला. ती मात्र त्याचे कपडे दुरुस्त करत राहिली, त्याच्या घराचा हिशेब पाहत राहिली, पत्रे लिहीत राहिली. तिची १२४ पत्रे आज उपलब्ध आहेत. त्याने तिला लिहिलेले एकही उरलेले नाही.

डिसेंबर १६३३ मध्ये त्याला आर्चेत्रीच्या घरी राहू दिले. मठ चालत जाण्याच्या अंतरावर होता. चार महिन्यांत, २ एप्रिल १६३४ रोजी, मारिया चेलेस्ते आमांशाने गेली. ती ३३ वर्षांची होती.

त्यानंतर गॅलिलिओने ग्रह-ताऱ्यांवर लिहायचे नाही म्हणून पादुआतल्या जुन्या टिपणांकडे मोर्चा वळवला. फळी, गोळी, पाण्याचे घड्याळ, टेबलाची कड, सगळे त्याने ‘टू न्यू सायन्सेस’ या शेवटच्या ग्रंथात आणले. त्याचे काहीही छापायला बंदी होती. हस्तलिखित गुपचूप बाहेर गेले आणि १६३८ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन येथे एल्झेविर या प्रकाशकाने ते छापले. पुस्तक निघाले त्या वर्षापर्यंत त्याचे दोन्ही डोळे गेले होते. आज जी समीकरणे आपण पाठ करतो, त्यांचे मूळ या पुस्तकात आहे.

गॅलिलिओ कुठे चुकला?

सगळे श्रेय त्याला देणे बरोबर होणार नाही. अडथळ्याविना चालणारी गोळी त्याच्या मते पृथ्वीच्या गोलाईला धरून चालत राहिली असती. ती सरळ रेषेत जाईल हे रेने देकार्तने १६४४ मध्ये स्पष्ट मांडले आणि १६८७ मध्ये न्यूटनने त्याचा पहिला नियम केला. वेग बदलतो तो बलामुळे, आणि किती बदलतो ते वस्तुमानावर ठरते, हेही न्यूटनचे. समुद्राची भरती-ओहोटी पृथ्वीच्या फिरण्यामुळे होते, असे गॅलिलिओ अखेरपर्यंत मानत होता. तेही चूक.

तो ८ जानेवारी १६४२ रोजी वारला. न्यूटन त्याच वर्षी जन्मला असे नेहमी सांगितले जाते. ते जुन्या इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे खरे आहे. इटलीत चालणाऱ्या, आणि आज आपण वापरतो त्या, कॅलेंडरप्रमाणे न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ चा.

फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये गॅलिलिओला मुख्य भागात जागा मिळाली नाही, बाजूच्या एका छोट्या खोलीत पुरले गेले. १७३७ मध्ये त्याचे अवशेष मोठ्या स्मारकात हलवण्यात आले. तेव्हा कुणीतरी काढून घेतलेले त्याचे एक बोट आज फ्लोरेन्सच्या गॅलिलिओ संग्रहालयात काचेत ठेवलेले आहे.

त्याच संग्रहालयात एक लांबलचक उतरती फळीही आहे. ती गॅलिलिओची नव्हे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रयोग दाखवण्यासाठी बनवलेली. तिच्यावर ठिकठिकाणी छोट्या घंटा बसवल्या आहेत, प्रत्येक पुढची घंटा आधीच्यापेक्षा जास्त दूर. वरून गोळी सोडली की घंटा एकामागून एक वाजतात. अंतरे वाढत जातात, पण दोन आवाजांमधला वेळ मात्र प्रत्येक वेळी सारखाच.